जग्वाराच्या पिंजऱ्यापुढची साखळी

मी, एवारिस्तो लोम्बार्देरो, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने फोटोग्राफर, राहणार सांता ब्रिखिदा, पाराना नदीकाठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हे फार आधी लिहून झाले असते.

१. राहते घर माझी मुलगी क्लोतिल्दे हिला. द्राक्षवेलीला जावयाने कात्री लावू नये. अंजिराचे त्याने काय केले ते मी विसरलेलो नाही.

२. मोठा कॅमेरा, तिवई आणि भिंगे आम्ब्रोसियो केसलर याला. मी प्राणिबागेच्या एका फाटकावर फोटो काढायचो; दुसऱ्या फाटकावर उभा राहून त्याने सोळा वर्षे माझी गिऱ्हाइके पळवली. त्याचे फोटो माझ्यापेक्षा चांगले येत. हे त्याला मी गेल्यावरच कळावे.

३. आता कबुली. १९१२ च्या जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, डोन्या एर्सिलिया नावाच्या बाईंना मोरा या जग्वार मादीबरोबर फोटो हवा होता. पिंजऱ्यांच्या घरात अंधार होता, म्हणून लख्ख उजेडासाठी पेटवायची मॅग्नेशियमची पूड मी आणली होती. राखणदार सेलेदोनियो आयाला म्हणाला, "तिची पिल्लं लहान आहेत, डॉन एवारिस्तो. साखळीच्या अलीकडूनच काढा. आणि तो भडका नको."

तो मांस आणायला गेला. बाई म्हणाल्या, "इतक्या लांबून? मांजर वाटेल हो ती!"

साखळी मी काढली. बाईंना गजांपाशी मीच बसवले. पूड मीच पेटवली. गजांतून पंजा आला आणि बाईंचा उजवा हात कोपरापासून गेला.

बाईंना त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. चौकशीत मला विचारले, साखळी कोणी काढली? मी म्हणालो, "मी आलो तेव्हा ती लावलेलीच नव्हती."

सेलेदोनियो माझ्याकडे वळला. "लावली होती मी. लावली होती ना, डॉन एवारिस्तो?"

मी बुटांकडे बघत राहिलो.

त्याची नोकरी गेली. पुढे तो बंदरावर पोती वाहू लागला. मोराला शुक्रवारी गोळी घातली. रविवारी लोक ठेवणीतले कपडे घालून तिच्या कलेवराशेजारी रांगेने उभे राहिले आणि मी त्यांचे फोटो काढले. त्या फोटोंची पोस्टकार्डे इतकी खपली की चौकातला माझा स्टुडिओ त्यांवरच उभा राहिला. त्या स्टुडिओत मी पंचवीस वर्षे नवरानवरींना "हसा" म्हणत आलो.

४. ही कबुली गावच्या वर्तमानपत्रात छापावी. स्टुडिओ सेलेदोनियोची मुलगी रेमेदियोस हिला द्यावा, आणि तिने मला क्षमा करावी.

इथवर लिहून मी कागद शेजारचे औषधवाले गुमेर्सिंदो यांच्यापुढे साक्षीच्या सहीसाठी ठेवला. त्यांनी वाचला आणि सही न करताच परत सरकवला. "मेल्यावर माफी मागणार? सोयीचं आहे हो, डॉन एवारिस्तो!"

५. हे कलम तीन दिवसांनी लिहीत आहे. मी रेमेदियोसकडे जाऊन आलो. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तिने इस्त्री खाली ठेवली नाही.

ती फिरवतच म्हणाली, "बाबांना शेवटपर्यंत वाटायचं, साखळी आपणच लावायला विसरलो. म्हणायचे, तो सभ्य माणूस, तो कशाला खोटं बोलेल? घराची कडी लावली की आम्हाला हाक मारायचे. बघा गं, लागलीय ना?"

मी हा कागद खिशातून काढून तिच्यापुढे धरला.

"स्टुडिओ नको मला," ती म्हणाली. "रविवारी अकराला दफनभूमीत या. हा कागद त्यांच्यापाशी वाचा. मोठ्यानं वाचा, त्यांना कमी ऐकू यायचं."

म्हणून कलम चारमधली क्षमेची ओळ मी खोडतो. स्टुडिओ विकून येईल ते बंदरावरच्या हमालांच्या दवाखान्याला द्यावे. रविवारच्या आत मी मेलो, तर कागद गुमेर्सिंदो यांनी वाचावा. तिथेच, आणि तेवढ्याच मोठ्याने.

सही: एवारिस्तो लोम्बार्देरो
साक्षीदार: गुमेर्सिंदो पास, औषधविक्रेता (या वेळी सही केली)
साक्षीदार: ओबदुलिया रिबेरो, शाळाशिक्षिका
सांता ब्रिखिदा, १५ सप्टेंबर १९३८