कंटेनर निघण्याआधी

प्रिय युनछिंग,

चाचणी-खोलीत बसून लिहितोय. जेवणाची सुट्टी आहे, सगळे कॅन्टीनला गेलेत, आणि खाली गोदामात आपल्या चारशे विजेच्या एकचाक्या खोक्यांत बंद होऊन उद्याच्या कंटेनरची वाट बघतायत. डावा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे कागद सारखा सरकतो, म्हणून त्यावर चहाचा डबा ठेवलाय. तू म्हणशील, “दोन मजले वर माझी केबिन आहे, जिना चढून आला असतात तर काय बिघडलं असतं?” पण समोरासमोर मी लवकर नमतो, हे तुला माहीत आहे. फोनवर लिहून पाठवलं, तर ते संध्याकाळच्या आत शांघायला वरच्या लोकांकडे पोचतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. शिवाय रोज डायरी लिहिणाऱ्या माणसाला लिहून काढल्याशिवाय आपलं म्हणणं काय आहे तेच कळत नाही. सोमवारपासून डायरीत लिहितोय. आता तुला.

तू इथे आलीस तेव्हा पदवीची शाईसुद्धा वाळली नव्हती. मला तू पहिल्याच आठवड्यात ‘उस्ताद’ म्हणायला लागलीस आणि मी दचकलो. मी काही लेथवर आयुष्य घालवलेला कारागीर नव्हे, कॉलेजात शिकलेला साधा इंजिनियर. तू मशीनमधला चहा प्लास्टिकच्या पेल्यात घेऊन आलीस, जुन्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पुढे केलास आणि म्हणालीस, “घ्या उस्ताद. एकदा चहा प्यायलात की मला हाकलून देता येणार नाही.” मी प्यायलो. चहा भयंकर होता. त्यानंतर महिनाभर तू अंगणात दोरी धरून एकचाकीवर उभं राहायला शिकत होतीस, आणि रखवालदार दर वेळी ओरडायचा, “पोरी, झाडांच्या कुंड्या सोडून बाकी कुठंही पड!”

तेव्हा ख्वांगसाहेब मालक होते. त्यांची शनिवार सकाळ आठवते? त्या आठवड्यात बनलेल्या मालातली कुठलीही एक-एक एकचाकी उचलायची आणि जलाशयाच्या बांधावरून पलीकडच्या तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांच्या टपरीपर्यंत नाश्त्याला जायचं. मालक, मी, तू, बॅटरीवाले, झाडून सगळे. आठवडाभराच्या चाचण्यांनंतर बॅटरीत जे काही उरलं असेल तेवढ्यावरच जायचं. “चार्जरला हात लावेल त्याच्याकडून सगळ्यांचा नाश्ता,” असं ते दम देऊन सांगायचे. आणि जो बांधावरून आला नाही त्याचा तपासणीचा शिक्का त्या आठवड्याच्या मालावर चालायचा नाही. मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. चाचणी म्हणजे आकडे, तक्ते, यंत्रं, असं मी त्यांना ऐकवायचो. ते तोंडातला घास न थांबवता म्हणायचे, “दाओपिंग, गिऱ्हाईक यंत्रावर बसत नाही रे. रस्त्यावर चालवतं, आणि तेही घरी परत जाताना.”

मग शांघायच्या गुंतवणूकदारांनी त्यांना घरी बसवलं आणि त्यांच्या खुर्चीवर तेंगसाहेब आले. मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्यांनी गोदाम सुधारलं, माल वेळेवर जाऊ लागला, हेही मी डायरीत लिहिलेलं आहे. पण त्यांचं आयुष्य मोबाईलचे चार्जर बनवण्यात गेलेलं. चार्जर बंद पडला तर माणूस चिडतो. एकचाकी चालता चालता बंद पडली तर माणूस रस्त्यावर आपटतो. हा फरक त्यांना शब्दांत कळत होता, अंगात उतरला नव्हता. शनिवारची फेरी त्यांनी विम्याचं कारण सांगून बंद केली आणि त्या जागी रोलरचं यंत्र आणलं. वाळूच्या गोण्या लादलेली एकचाकी रोलरवर धावते, पडद्यावर हिरवा दिवा लागतो, संपलं. सगळे आकडे नीट येत होते. मीही समाधानी होतो. यंत्रावर येणारी प्रत्येक एकचाकी चार्जिंगच्या मांडणीवरून थेट येते, भरल्या पोटी, ही गोष्ट इतकी डोळ्यांसमोर होती की कुणालाच दिसली नाही.

उन्हाळ्यात तेंगसाहेब वर संचालक मंडळावर गेले आणि खुर्ची तुला मिळाली. इथे मला थांबून स्वतःला तपासावं लागतं. सगळ्यांना वाटत होतं खुर्ची मला मिळेल. मलाही वाटत होतं, आणि तुझं नाव जाहीर झालं तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. तेव्हा आज मी जे म्हणतोय ते एकचाकीबद्दल आहे की खुर्चीबद्दल, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. उत्तर दर वेळी सारखं येत नाही. एवढं मात्र खरं की खुर्चीवर दुसरं कुणी असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

ताशी साठ किलोमीटरचा आकडा तू ठरवला नाहीस, तेंगसाहेबांनी ठरवला. आधी वेग पन्नासच्या वर जाऊ लागला की पायपट्ट्या पुढून आपोआप उचलल्या जायच्या आणि स्वाराला मागे रेलायला भाग पाडायच्या. ती मर्यादा साठावर नेली. मोटर तीच, बॅटरी तीच, नुसता प्रोग्राममधला एक आकडा बदलला. पोलंडचे आणि जर्मनीचे दुकानदार खूश झाले, खोकी छापून आली. तू नवी होतीस, तुला खुर्चीवर नववर्षाच्या वसंतोत्सवापर्यंतचीच मुदत दिली होती, तू होकार दिलास. चाचणीप्रमुख म्हणून शिक्का माझा होता. हिरवा दिवा बघून मीही नमुन्यावर मारला.

गेल्या शनिवारी मी गोदामातून एक एकचाकी काढली आणि बांधावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. हवा छान होती, म्हणावं तर गुंडाळ्या खायची इच्छा झाली. हेल्मेट, गुडघ्यांना, मनगटांना कवच, सगळं घातलं होतं, तू हसशील एवढं. जाताना काही झालं नाही. येताना बॅटरी एक तृतीयांशावर आली होती, समोरून वारा होता, मी साठ सोडाच, पन्नासच्याही आत होतो. पायपट्ट्या उचलल्या गेल्या नाहीत. इशाऱ्याची शिट्टी वाजली नाही. पायाखालून चाक नुसतं निघून गेलं, जशी जिन्याची शेवटची पायरी नसावी आणि पाय टाकावा. पुढचं मला आठवतं ते म्हणजे डांबराचा वास आणि गळ टाकून बसलेला एक जण विचारतोय, “अहो, जिवंत आहात ना?”

दवाखान्यात तू डुकराच्या बरगड्यांचं सूप घेऊन आलीस. डॉक्टरांशी भांडलीस, माझ्या बायकोला धीर दिलास, मला म्हणालीस, “उस्ताद, या वयात बांधावर कुणाला भेटायला जात होता?” सगळे हसले. मग माझं सामान पिशवीत भरताना तू मनगटांची कवचं हातात घेतलीस. दोन्हींचे तळवे सारखेच खरवडलेले. गुडघ्यांचीही तशीच. तोल गेलेला माणूस कुशीवर पडतो, एकच बाजू सोलवटून घेतो. चाकानं दगा दिला तर सरळ पुढे, दोन्ही हातांवर. हे ख्वांगसाहेबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं. तू ती कवचं बराच वेळ बघत होतीस. मग पिशवीत टाकलीस, पिशवीचं तोंड बांधलंस आणि सूप गार होतंय म्हणालीस.

सोमवारच्या बैठकीत तेंगसाहेब शांघायहून पडद्यावर होते. मला म्हणाले, “सत्तेचाळिसाव्या वर्षी एका चाकावर! यानसाहेब, आम्ही तर सरकत्या जिन्यावरसुद्धा कठडा धरतो.” पुन्हा सगळे हसले. तू हसली नाहीस. तू विचारलंस, “उस्ताद, हे पुन्हा घडवून दाखवता येईल?” मी म्हणालो, आत्ता नाही सांगता येत. प्रश्न बरोबर होता, उत्तरही खरं होतं, आणि तेंगसाहेबांनी तेवढ्यावर विषय मिटवला. “म्हणजे तोल गेला,” ते म्हणाले, आणि तू खाली कागदांकडे बघितलंस.

तेव्हापासून मी बॅटरी उतरवून उतरवून रोलरवर एकचाक्या चालवतोय. बऱ्याच नीट चालल्या. मंगळवारी एक दमली, पण बंद पडली नाही. काल दुपारी एक बंद पडली, माझ्या आणि दोन चाचणीवाल्यांच्या डोळ्यांसमोर, कसलीही सूचना न देता. सगळ्या बंद पडतील असं मी म्हणत नाही. किती पडतील ते मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणंच मला खातंय. उपाय अवघड नाही, हे तुलाही ठाऊक आहे: प्रोग्राममधला आकडा परत पन्नासवर आणायचा, उतरलेल्या बॅटरीला पन्नासही झेपत नाही म्हणून ती उतरेल तशी मर्यादा आणखी खाली येईल असं करायचं, आणि खोक्यांवरच्या साठवर चिकटपट्टी लावायची. अडचण त्या चिकटपट्टीचीच आहे. दुकानदारांनी माल साठच्या आकड्यावर घेतलाय. उद्याचं जहाज चुकलं तर सण आडवा येतो. लोकांनी गावच्या गाड्यांची तिकिटं काढून ठेवलीत, महिनाभर कारखाना सुना. आणि तुझी मुदत सणापर्यंतचीच. मी हे सगळं तुझ्या बाजूनं बसून अनेकदा मोजलं. प्रत्येक वेळी मला भीती वाटली, आणि ती माझ्या नोकरीची नव्हती.

युनछिंग, तुला काही कळवावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तुला दवाखान्यातच कळलं. लिहितोय ते एवढ्यासाठी: या मालावर शिक्का मी मारणार नाही, आणि माल अडवण्याचा लाल कागद मी सकाळीच भरून ठेवलाय. कंटेनर उद्या सकाळी आठ वाजता दाराशी लागेल तेव्हा मी तो त्याच्या कडीवर चिकटवेन. तो काढण्याचा अधिकार कारखान्यात फक्त तुला आहे, आणि काढलास तर तुझ्या सहीनं काढावा लागेल. मी भांडणार नाही, घरी जाईन. पण मी अडवला तर सगळे म्हणतील, बघा, म्हाताऱ्या उस्तादानं पोरीला तिची जागा दाखवली. तेंगसाहेबांनाही तेच हवंय, मग तू उरलीस काय आणि गेलीस काय, या कारखान्यात तुझं कुणी ऐकणार नाही. म्हणून कागद उद्या चिकटवण्याआधी हे पत्र आज तुझ्या हातात देतोय. साडेपाचपर्यंत गोदामाचे लोक आहेत. तू खाली ये, सगळ्यांसमोर तूच सांग की माल जाणार नाही. मी आणि ते दोघं चाचणीवाले तुझ्या शेजारी उभे राहू, आणि शांघायहून कुणी विचारलं तर सांगू की आम्ही फक्त बघितलं, थांबवलं ते बाईंनी.

तुझाच,
दाओपिंग