बेगाइमने खणलेली वाट

अर्चाली, १४ ऑगस्ट

माझ्या शिंगरा, बेगाइम,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा चढावर गप्प असतो, उतारावर कुरकुरतो. गवत कापून झालं, घोडी व्यायली. शेजारच्या तुर्सूनबू आपाने तुझ्यासाठी जर्दाळूचा मुरांबा दिलाय, पत्राबरोबर मिनीबसवाल्या जोल्दोशकडे देतोय. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो, म्हणून लिहायला बसलो.

बातमी अशी की गावाने जंगलातून सायकलींच्या वाटा काढायचं ठरवलं. परवानगीही आली. एप्रिलमध्ये चौघं घरी येऊन म्हणाले, "मुकाश आके, तीस वर्षं तुम्ही हे जंगल राखलंत. इथले उतार तुमच्याइतके कुणाला ठाऊक?" मी नाही म्हटलं. चाकांनी मुळं सोलली जातात, पाणी चर पाडतं. तुलाही मी हेच ऐकवायचो.

आपा तिथेच चहा ओतत होती. म्हणाली, "वर जाऊन बघ तरी. तुझ्या पोरीने सायकलसाठी खणलेली वाट अजून जशीच्या तशी आहे. तू शाकारलेलं माझं छप्पर एक हिवाळाही टिकलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो, पण दुसऱ्या सकाळी एकटाच वर गेलो. घोड्यांची जुनी वाट पाण्याने गुडघाभर खचली होती. तुझी शाबूत. तू ती दरीच्या बाजूला जराशी कलती ठेवली होतीस, त्यामुळे पाणी वाटेवरून धावत नाही, कडेला उतरून जातं. स्प्रूसच्या झाडांच्या मुळांवर दगड बसवले होतेस. सतराव्या वर्षी हे तुला कुणी शिकवलं? मी कधी विचारलंच नाही. वर यायचो, ओरडायचो, परत जायचो.

मग फावडं घेतलं. आता वाट ओढ्यापर्यंत पोचलीय, अकरा वळणं झाली. एकदा तुझ्या जुन्या सायकलवर बसून पाहिलं, तर पहिल्याच वळणावर झुडपात गेलो. आपाने साऱ्या गावाला सांगितलं.

३१ तारखेला वाट खुली होणार. गावाला तिला तुझं नाव द्यायचंय. फळी रंगवून माझ्याच अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. तीन आठवडे झाले, मी ती वर नेत नाही. कुणी विचारलं तर रंग वाळू दे म्हणतो.

बेगाइम, तिसऱ्या वळणाखाली आडवं पडलेलं ते झाड वाऱ्याने पडलं नव्हतं.

मी पाडलं. वठलेलं होतं, करवतीने दहा मिनिटांत आलं. गावात कुजबुज होती की मुकाशची मुलगी पोरांबरोबर रानात भटकते. वर वनखात्याच्या साहेबांचा दम. वाट अडली की तू थांबशील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्पर्धेच्या सरावाला जाणार हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. माहीत होतं. ओंडका बघून परत फिरशील असं धरून चाललो. धुकं पडेल आणि ओंडका तुला दिसणारच नाही, हे डोक्यातच आलं नाही.

इस्पितळात तुझं कोपर बांधत होते तेव्हा तू मलाच म्हणालीस, "आके, माझंच चुकलं. मी बेसावध होते." मी तुझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

हे कळल्यावर आलीस तर ये. नाही आलीस तर समजून घेईन.

चार वर्षं उशिरा बोलणारा,
तुझा आके

*

बिश्केक, २२ ऑगस्ट

आके,

नमस्कार. मुरांबा मिळाला. बरणीचं झाकण गळत होतं, पत्राचा एक कोपरा चिकट झाला, पण सगळं वाचता आलं.

दोनदा उत्तर लिहून फाडलं. इथे दुकानात मी लोकांच्या शेकडो सायकली दुरुस्त केल्या, पण उतारावर एकदाही बसले नाही. माझ्या हातांवर माझाच भरवसा राहिला नव्हता. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर तो परत मिळाला असता. याचा मला फार राग आहे. पत्र लिहून तो जायचा नाही, समोर बसून भांडायचं आहे.

फळीवर माझं नाव नको. गावाने दुसरं शोधावं. नव्या वळणांची माती नीट चोपून घ्या आणि मी बघेपर्यंत तिथे कुणाला फिरकू देऊ नका. अकरा वळणं जास्त वाटतात. दोन काढावी लागतील, तुम्ही कितीही कुरकुरलात तरी.

काल दुकान लवकर बंद केलं आणि एक सायकल घेऊन शहराबाहेरच्या टेकडीवर गेले. ब्रेक दाबत दाबत खाली आले. खाली पोचल्यावर पुन्हा वर गेले, आणि दुसऱ्या वेळी ब्रेक कमी लावले.

मंगळवारच्या गाडीने येते. जोल्दोशला सांगा, टपावर एका सायकलची जागा ठेव.

भांडायला येणारी,
तुमची बेगाइम