साडेसातची हजेरी

३ नोव्हेंबर, सोम.
जोगळेकरसाहेबांनी आज मला त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपात घेतलं. नाव ‘सांजरंग’. काम एकच. रोज संध्याकाळी साडेसातला, आज आपण कोणती व्हिस्की पितोय तिचा फोटो टाकायचा. बाटली डावीकडे, पेला उजवीकडे, मागे स्वच्छ भिंत. साहेब ह्याला ‘हजेरी’ म्हणतात. सलग तीन दिवस फोटो नाही की नाव कट. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कारखान्याचा भोंगा ह्या माणसाच्या डोक्यातून गेला नाही.

मी का शिरलो ते लिहून ठेवतो. मंजूचा फोन आला होता. माझा जुना दोस्त वसंता, त्याची मुलगी, पुण्याला असते. “काका, बाबांनी खरंच सोडलीये का हो? लिव्हर बघून डॉक्टर म्हणालेत, थेंबसुद्धा नको. मला ते ‘छे गं, कुठं पितो’ म्हणतात. तुम्ही जरा लक्ष ठेवा. पीत असतील तर मी घर बंद करून त्यांना इकडे घेऊन येते.”
वसंता ह्या ग्रुपात आहे हे ठाऊक होतं. म्हणून गेलो. हेर म्हणून. मनाला बरं वाटत नाही.

४ नोव्हें., मंगळ.
पहिली हजेरी पाहिली. देवाऽ. एकवीस माणसं, सगळी कारखान्यातली निवृत्त, आणि एकाला साधं ‘प्यालो’ म्हणता येत नाही. जो. सा. लिहितात: “सुरुवातीला धूर, मधे जर्दाळू, शेवटी ओल्या चामड्याचा रेंगाळणारा गंध.” ओलं चामडं हुंगायचं तर चपला शिवणाऱ्यापाशी जाऊन बसावं, फुकट होईल. मंडीदीपचे तिवारी बोलूनच पाठवतात: “भाईसाब, ज़बान पर घुमाइए, निगलिए मत!” गिळायची नाही तर काय, गुळण्या करायच्या? ही माणसं आयुष्यभर कँटीनचा चहा बशीत ओतून प्यायली. मी पाहिलंय.

सात एकतीसला वसंताचा फोटो. बाटली, पेला भरलेला. खाली दोन शब्द. ‘आज नेहमीची.’
फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

६ नोव्हें., गुरु.
तीन दिवसांचा नियम माझ्याही मानेवर. माझी असते फक्त शनिवारची एक, फुटाण्यांबरोबर. म्हणून आज स्टीलच्या ग्लासात नळाचं पाणी घेतलं, शेजारी बाटली ठेवली, फोटो टाकला. कुणाला पत्ता नाही. साहेब फक्त म्हणाले, “आबा, स्टील नको. रंग दिसत नाही.”
मी लिहिलं, “साहेब, रंग बघून घ्यायला ही काय पैठणी आहे?”
ग्रुपात कुणी हसलं नाही. ही मात्र पोळ्या लाटता लाटता हसली. ही उज्जैनची, हिला अशा गोष्टींवर लगेच हसू फुटतं.
वसंताचा फोटो आजही.

९ नोव्हें., रवि.
सकाळी स्कूटर काढून अशोका गार्डन कॉलनीत वसंताकडे गेलो. आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरात, कारण चिरंजीव कारखान्यात आहेत. वसंतानं मात्र निवृत्तीनंतर रुळांजवळ स्वतःचं घर बांधलं. गाडी गेली की कपाटातल्या बश्या वाजतात. वहिनी होत्या तेव्हा म्हणायच्या, आमच्याकडे पाहुण्याआधी गाडी चहा मागते.

“कसा आहेस?”
“टकाटक.”
कोरा चहा दिला. “दूध बंद केलंय,” म्हणाला. कपाटावर ती फोटोतली बाटली दिसली. मी नजर काढून घेतली.
विचारायचं होतं. जमलं नाही. मी आठवी पास हेल्पर म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो तेव्हा हा फोरमन. शिफ्ट सुटल्यावर रोज अर्धा तास थांबून ह्यानं मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं. त्याच जोरावर मी इन्स्पेक्शनमध्ये गेलो, मापाचा गेज हातात आला, चार लोक ‘आबासाहेब’ म्हणायला लागले. अशा माणसाला कुठल्या तोंडानं विचारायचं, की चोरून पितोस का?

११ नोव्हें., मंगळ.
आठ दिवस, आठ फोटो. मंजूला कळवलं. फोनवरच रडायला लागली. शनिवारी येते म्हणाली.
मी बरोबर केलं. लिव्हरपुढे भिडेला किंमत नाही.
ताट तसंच झाकून ठेवलं.

१२ नोव्हें., बुध.
आज वसंताच्या पेल्यावर जो. सा. लट्टू. “वसंतराव, काय हा तांबूस रंग! शेरीच्या पिंपात मुरल्याशिवाय येत नाही.” तिवारी: “वाह, क्या बात!” मागोमाग टाळ्यांची चित्रं, अंगठे, फुलं. माणूस घोटाघोटानं मरतोय आणि ही मंडळी पिंपाचं कौतुक करताहेत. ह्यातल्या एकाला तरी माहीत आहे का, वसंताला डॉक्टरनं काय सांगितलंय? विचारतील कशाला. जर्दाळूतून बाहेर आले तर ना.

१३ नोव्हें., गुरु.

संध्याकाळी मेथी निवडत ही माझ्या खांद्यावरून वसंताचा फोटो बघत होती. म्हणाली, “ह्यांची बाटली संपत कशी नाही हो?”
“म्हणजे?”
“म्हणजे रोज पितात ना? आपल्या घरात गोडेतेल आठ दिवसांत किती उतरतं मला विचारा. ह्यांची आहे तिथंच आहे.”

उठलो. जुन्या पेटीतून स्टीलची पट्टी काढली. पहिल्या दिवसापासूनचे दहाही फोटो एकेक करून पडद्यावर मापले. फोटो लहानमोठे, म्हणून आधी लेबलाची उंची घेतली, मग तळापासून दारूची पातळी, आणि दोन्हींचं गुणोत्तर. दहाच्या दहा सारखे. लेबलाचा उजवा कोपरा फाटलेला, तोही दहा वेळा तसाच. म्हणजे बाटली तीच. आणि तिच्यातून थेंब हललेला नाही.
मग पेल्यात काय?
रविवारी त्यानं मला पाजला तोच. कोरा चहा.

मी स्वतः नळाचं पाणी घालून हजेरी लावली, आणि दुसरा कुणी लावत असेल हे टाळक्यात आलं नाही. उभ्या नोकरीत ह्या हातानं न मापता एका नट-बोल्टावर शिक्का मारला नाही. वसंतावर मारला. रिजेक्ट.

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळीच गेलो. पट्टी खिशात, कशाला कोण जाणे. विचारलं, तर हसायला लागला.
“ओळखलंस? इन्स्पेक्टर तो इन्स्पेक्टरच! अरे, चहाच. जोगळेकर त्यात शेरी हुडकतो, माझी संध्याकाळ मजेत जाते.”
“पण कशाला हे नाटक?”
हसणं थांबलं. “फोटो नाही टाकला तर तीन दिवसांत नाव कट. सोडली म्हणून सांगितलं तर त्याच दिवशी कट, तो काय व्यसनमुक्तीचा ग्रुप आहे? तुझी वहिनी गेल्यापासून घरात माझं नाव घेणारं कुणी नाही. साडेसातला वीस माणसं ‘वसंतराव’ म्हणतात. मूर्ख आहेत, मला माहितीये. पण म्हणतात.”

मग मी मंजूचं सांगितलं.
कप घेऊन उठला, मोरीत ठेवला, पाठमोराच उभा राहिला.
“मला न विचारता पोरीला सांगितलंस?”
“रोज फोटो दिसत होता रे, मला वाटलं—”
“वाटलं! मी शिकवलं होतं तुला हे? गेज कुठं होता तेव्हा?”
“ये आता,” म्हणाला. मी निघालो.
साडेसातला मात्र फोटो आला. नेहमीची.

१५ नोव्हें., शनि.
मंजूला काल फोन करून सगळं सांगितलं होतं. तिला पटलं नाही. आज आली तेव्हा मी तिथंच होतो. वसंता माझ्याकडे बघत नव्हता. मी फोटो दाखवले, पट्टी लावून दाखवली.
“काका, मंगळवारी म्हणालात पितात. आज म्हणता पीत नाहीत. उद्या काय म्हणाल? मित्राला सांभाळून घेताय तुम्ही.”
तिचं काय चुकलं? खरं-खोटं एकाच तोंडातून ऐकलेल्या माणसानं कशावर विश्वास ठेवावा?

बाटली कपाटावरून काढून तिनं मोरीत उलटी धरली. वसंता खुर्चीत बसून बघत राहिला. एवढे महिने हात न लावलेली बाटली, आणि आपण लावला नाही हे सांगायलाही तोंड उघडलं नाही. अभिमान आहे की थकवा, कळेना. पुढच्या रविवारची पुण्याची तिकिटं काढलीत. दोन.
संध्याकाळी हजेरीत वसंता नाही. मी माझी शनिवारची घेतली नाही. हिनं फुटाणे डब्यात परत ओतले.

१६ नोव्हें., रवि.
दुसरा दिवस. जो. सा.: “वसंतराव सलग दोन दिवस गैरहजर. उद्या लाल शेरा!” खाली हसऱ्या तोंडांची रांग. तिवारींनी लिहिलं, “लगता है नई बोतल में डूब गए।”
एकवीस रसिक. पेल्यातला धूर, मध, ओलं चामडं, सगळं ह्यांच्या नाकाला कळतं. आजारी माणूस दोन दिवस दिसला नाही, तर एकाला फोन लावावासा वाटला नाही. थू. ह्यांच्या नाकापेक्षा आमच्या गल्लीतलं कुत्रं बरं, ते निदान दारासमोर येऊन हुंगतं.

मी तरी कोण मोठा? फोन दोनदा हातात घेतला, खाली ठेवला.

१७ नोव्हें., सोम.
दुपारी माझी बाटली काढली. उरलेली ओतून दिली. ही दारात उभी राहून बघत होती. “तब्येत बरी आहे ना?” म्हणाली. मग तिनंच पातेल्यात चहा टाकला, दूध न घालता, दोनदा गाळला, गार केला. मी पट्टी लावून बाटली भरली. वसंताच्या बाटलीत होती त्याच गुणोत्तरापर्यंत. केसभर इकडं-तिकडं नाही.

अशोका गार्डनला पोचलो तेव्हा मंजूनं दार उघडलं. बाटली बघून चेहरा असा झाला की पुढचं ऐकण्याआधी हाकलते की काय.
“चहा आहे, बाळ. हुंगून बघ.”
हुंगला. मग झाकणात ओतून ओठाला लावला. झाकण पदराला पुसून परत लावलं.
“रोज हाच?”
“रोज. मी मापलंय. ह्या वेळी आधी मापलंय, मग बोलतोय.”
“आणि हे सगळं कशासाठी, त्या फोटोसाठी?”
“ते त्याला विचार.”
वसंता आतल्या खोलीत. बाहेर आला नाही. पण रेडिओ बंद केला, एवढं ऐकू आलं. मी टेबलावर बाटली डावीकडे ठेवली, पेला उजवीकडे, आणि निघालो. तिकिटांचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही.

आता घरी. सात अठ्ठावीस. जो. सा. नी आधीच लिहून ठेवलंय: “वसंतराव? शेवटची संधी.” ही जेवायला हाक मारतेय. सात एकोणतीस.
साडेसात. धूर आला, जर्दाळू आला, तिवारी आले.
वसंताच्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ दिसतंय. थांबलं. पुन्हा दिसतंय. इतका वेळ.
‘आज नेहमीची’ला एवढं टाइप करावं लागत नाही. सोडली म्हणून लिहितोय की काय.