घोड्यांना दाणापाणी कोण देतं?

२६ ऑक्टो. १९७८, गुरुवार
नामदेवभाऊ सायकलला पिशव्या अडकवून आले. वाचनालयाचं पुस्तक दर गुरुवारी नालवाडीत घरपोच. अट एकच, परत देताना आत अभिप्रायाची चिठ्ठी हवी, निदान पाच ओळी. चांगल्या चिठ्ठ्या तिकडे वर्ध्याच्या फळ्यावर लागतात. कार्ड यांच्या नावावर, कारण घरटी एकच कार्ड आणि तेही कर्त्या पुरुषाचं. वाचते मी, लिहिते मी, खाली यांची सही ठोकते मी. यांनी बियाण्याच्या पुडीवरचं सोडून आजवर काही वाचलेलं नाही.
आज परत केलं ते भाजीपाला लागवडीचं. लिहिलं: लेखक मेथी बोटभर खोल पेरायला सांगतात. त्यांनी स्वतः पेरून पाहावी आणि उगवली तर आम्हाला बघायला बोलवावं. चित्रं छान आहेत.

९ नोव्हें., गुरु.
फळ्यावर लागली! नामदेवभाऊंनी सांगितलं. पण खाली कुणीतरी उत्तर चिकटवलंय: ‘अभिप्राय पुस्तकावर द्यावा, मेथीवर नव्हे. — खेडकर.’ खेडकर म्हणे रिटायर्ड हेडमास्तर, वाचनालयाचे जुने कारभारी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो गुरुजी, पुस्तकच मेथीवर होतं ना?
नवीन आलंय ते स्वयंपाकाचं. दुपारी सांबाराच्या जुड्या बांधताना पुस्तक पाटीला टेकवून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवलं. त्यांना अक्षरओळख नाही, पण कान भारी. पुस्तकातली बाई सांबाराला कोथिंबीर म्हणते आणि भाजी दिसली की गूळ घालते. आ.बा. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, “ह्या बाईले तिखटाचं भेव वाटते का वं?”
तेच चिठ्ठीत घातलं, जरा शहाण्यासारखं करून.

१८ नोव्हें., शनि.
रहस्यकथा. दोन दुपारींत संपली. खुनी मला तिसऱ्याच प्रकरणात कळला: बंगल्यावरचा माळी. भर बाराच्या उन्हात रोपांना पाणी घालतो! खरा माळी असं करेल? म्हणजे माळी नाहीच, सोंग आहे. पुढे दीडशे पानं सगळे पोलीस भलत्याच्या मागे. मी आपली हसत बसले.
चिठ्ठीत लिहिलं, खुनी तिसऱ्या प्रकरणात ओळखला. कसा ते लिहिलं नाही. बसू दे खेडकर गुरुजींना डोकं खाजवत.

२६ नोव्हें., रविवार
हे बाजारातून लालबुंद होऊन आले. टोपली आपटली. धोतर-कोटातला एक म्हातारा थेट आपल्या दुकानापुढे उभा राहिला म्हणे, आणि भरबाजारात मोठ्यानं विचारलं, “खून कुणी केला ते तुम्हाला आधीच कसं कळलं?”
“मी म्हणलं, मी कोनाचा खून नाई केला बाप्पा! मी वांगे विकून राह्यलो!”
आजूबाजूची दुकानं पोट धरून हसली. गिऱ्हाइकं गोळा झाली. गुरुजी मान हलवत गेले, जाताना वांगीही न घेता.
मला हसू आवरेना, तिथंच चुकलं.
“सही माही, अन् हासू माह्यावर. आता बंद कर हे चिठ्ठ्याचं.”
“आणि पुस्तकं?”
“तेबी.”


३० नोव्हें., गुरु.
नामदेवभाऊंना दारातून परत पाठवलं. आ.बा.ना अर्धी वाचून दाखवलेली राजाची जाडजूड कादंबरीही देऊन टाकली. काल्पनिक पाहुणे सांगितले. खोटं बोलता बोलता रडूच आलं. मॅट्रिकला हिंगणघाटात मराठीत पहिली आले होते मी. लग्नानंतर सात वर्षांत माझं म्हणून एवढंच होतं, तेही यांच्या नावावर.

३ डिसें.
आ.बा. लेकाला जेवायला वाढता वाढता बोलल्या. मी चुलीजवळ.
“त्या राजाची लढाई अर्धीच राह्यली, बाबू.”
“कोनता राजा?”
“पुस्तकातला. जाडजूड हाय. मले आयकाचं हाय. तिले मना करून तू मले काऊन उपाशी ठेवतं?”
यांनी भाकरी मोडली, खाल्ली. हात धुताना म्हणाले, “गुरुवारी आन मग. पर माह्यापाशी कोनी खुनाचं इचारायले नाई आलं पाह्यजे.”

२१ डिसें., गुरु.
ऐतिहासिक कादंबरी, सहाशे पानं, संपली एकदाची. राजे फार बोलतात. जखमी झाल्यावर तर जास्तच. पण शेवटचा वेढा मी दोनदा वाचला, हेही खरं. आ.बा.ना मात्र वेगळीच काळजी. “तीन महिने लढाई चालू हाय. घोड्याईले दाणापानी कोन देऊन राह्यलं?” सगळं पुस्तक उलटंपालटं केलं. कुणीच देत नाही! वैरणीचा शब्द नाही. चिठ्ठीत पहिलंच वाक्य ते घातलं.

४ जाने. १९७९, गुरु.
एका थोर माणसाचं आत्मचरित्र. बायको चाळिसाव्या पानावर लग्नापुरती येते, मग एकदम दोनशेदहाव्यावर आजारी पडते. मधल्या काळात चहा कोण करत होतं?
पातळसा कवितासंग्रहही. चार कळल्या. एक इतकी आवडली की दोनदा उतरवून काढली. अभिप्रायात फक्त ‘आवडली’ लिहिलं. पाच ओळींची अट मोडली. मोडू दे.

१८ जाने., गुरु.
पाकीट आलं. यांच्या नावानं! वर्षातले उत्तम वाचक म्हणून रविवारी २८ ला सत्कार, आणि पुस्तक निवड समितीवर घ्यायचा विचार आहे. म्हणजे कुठली पुस्तकं आणायची ते ठरवायचं!
मी वाचून दाखवलं. हे घाबरले. “मी नाई जात. मले घोड्याचं इचारलं तं?”
मग म्हणाले, “तूच चाल. सांगू खरं काय ते.”

२८ जाने., रवि.
आधी लिहून काढते, मग भाकरी.
हॉल भरलेला. यांचं नाव पुकारलं. हे उठले, टोपी हातात घेऊन. “पुस्तकं माह्या घरी येतेत, पर एकबी माह्या डोऱ्याखालून नाई गेलं. वाचते हे. सुमन.” आणि खाली बसले. चारचौघांत माझं नाव पहिल्यांदा घेतलं यांनी.
सेक्रेटरी कागद चाळत म्हणाले, कार्ड यजमानांचं आहे, नियमात बसत नाही. मी उठलेच. म्हटलं, “मग सत्कार राहू द्या. नियम तेवढा बदला.”
मागून खेडकर गुरुजी काठी टेकत पुढं आले. “तो नियम वीस वर्षांपूर्वी मीच लिहिला. आधी सांगा, खुनी कसा ओळखला?”
बाराच्या उन्हातलं पाणी सांगितलं. सगळा हॉल हसला. गुरुजी नाही हसले. म्हणाले, “मेथीसुद्धा पेरून पाहिली. कुंडीत. बोटभर खोल.”
“मग?”
“नाही उगवली.”
टाळ्या! मग त्यांनी माझी घोड्यांची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, म्हणाले, चाळीस वर्षं इतिहास शिकवला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुन्हा टाळ्या. मी मान खाली घालून घेतल्या. नियम तिथंच बदलला. समितीवर मी. मी!! येताना यांनी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आणली, नालवाडीपर्यंत.

१ फेब्रु., गुरु.
माझं कार्ड. माझं नाव. दिवसातून सहा वेळा काढून पाहिलं.

८ फेब्रु., गुरु.
आ.बा.ना मेथी निवडताना सत्काराची हकीगत सांगत होते, तिसऱ्यांदा. घोड्यांपाशी आले तशा थांबल्या.
“ते कोनाचं होतं, सांगतलं का तुनं त्याईले?”
जुडी हातातच राहिली. नाही सांगितलं. सुचलंसुद्धा नाही. इतके दिवस मी जे यांच्या सहीखाली सोसलं, तेच आ.बा.चं मी माझ्या टाळ्यांखाली दाबलं. लाज वाटली, फार.
“माह्याबी नावाचं कार्ड काढजो मग.”
“वाचता येत नाही ना, आत्याबाई.”
“आयकता येते. अन् बोलता येते.”
दुपारी नामदेवभाऊंकडून फॉर्म मागून घेतला. सहीच्या जागी आ.बा.नी अंगठा असा दाबला की मागच्या पानावरही उमटला. नामदेवभाऊ म्हणाले, अंगठ्यावर कार्ड आजवर दिलेलं नाही, समिती ठरवेल.
समितीची पहिली बैठक रविवारी. फॉर्मबरोबर गुरुजींनी सत्काराच्या दिवशी परत दिलेली घोड्यांची चिठ्ठीही नेणार आहे. यांची सही खोडली, माझं नाव लिहिलं नाही. आ.बा.ना म्हटलं, इथंही अंगठा लावा.