गाडीचा दमा आणि पेनाचं टोपण

बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप मामा,

दोन्ही हात ग्रीसने माखलेले असल्यामुळे साष्टांग नमस्कार कोपरांवर भागवतो आहे, गोड मानून घ्या. तुमचे गुडघे काय म्हणतात? ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता समोरून येणारा माणूस एकच दिसतो ना? आणि मामी अजून तुमच्या शर्टांच्या खिशांवरचे शाईचे डाग पाहुण्यांना दाखवतात का? आमच्याकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे सगळी माणसं. गाडीबद्दल लिहायलाच बसलो आहे, पण तुम्ही एकदम दचकू नये म्हणून आधी तब्येतीची चौकशी उरकून घेतली.

पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवायची बंदी केली, आणि तुम्ही किल्ली माझ्या हातावर ठेवून ‘हिला सांभाळ’ एवढंच म्हणून आत निघून गेलात. (त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मामींनी मला नंतर सांगितलं. मी सांगितलं म्हणून सांगू नका.) तेव्हापासून आमच्या घराला तुमचे पाय लागलेले नाहीत. मीही आग्रह केला नाही. का, ते पुढे वाचाल तेव्हा कळेल आणि कदाचित तुम्हाला बरंच वाटेल की आलो नाही.

तर गाडी पळते झकास. तक्रार आहे ती उभी राहण्याची. सिग्नलला थांबलं की आधी मागे कुणी लागल्यासारखी जागच्या जागी भुंऽऽ करते, मग तिला दम लागतो, मग ती खोकते आणि बंद. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, त्यात मामा, आजोळच्या बाजूने तुमचाही नंबर लागतो. परवा तर मी एका चौकाला चार फेऱ्या मारल्या, थांबावं लागू नये म्हणून. पाचव्या फेरीला पोलीसदादांनी हात केला, मी थांबलो, आणि गाडी त्यांच्या बुटांपाशीच गतप्राण झाली. ढकलायला तेच आले बिचारे. उतारावर लावून देताना ‘साहेब, आता हिला आराम द्या’ म्हणाले, तेही अगदी मायेने.

मी काही हातावर हात धरून बसलो होतो असं समजू नका. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात, एक गाडी उभी असताना इंजिनाचा वेग ठरवणारा, दुसरा पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा. (तुम्हाला सांगतोय मी! पण सांगू द्या, नुकताच शिकलोय.) पहिला फिरवला तर ढिम्म. दुसरा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवला, तर त्याचाही काही उपयोग नाही. मग अख्खा कार्बोरेटर काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोलला, धुतला, पुसला आणि बसवला. एक वायसर उरलं. दोन दिवस पाचावर धारण बसली होती माझी. मग तुमच्या सूनबाईंचा मिक्सर थरथरायला लागला आणि वायसर कुणाचं ते कळलं. मिक्सर कोणी खोलला होता, हा विषय आपण इथे नको वाढवूया.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना शरण गेलो. ते हल्ली नव्या गाड्यांना वायर जोडून पडद्यावर रोग वाचतात. त्यांनी आपल्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वायर कुठे खुपसायची ते सापडेना. मग म्हाताऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून त्यांनी आवाज ऐकला आणि चोक ओढायला सांगितला. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि काय आश्चर्य, बाई शहाण्यासारखी चालायला लागली! मिस्त्री म्हणाले, ‘ही कुठून तरी चोरून हवा ओढतेय. ज्या वाटेने यायची त्या वाटेने नाही, भलत्याच वाटेने.’ ती वाट शोधायची कशी? तर चालू इंजिनाच्या सांध्यांवर पाण्याचा फवारा मारायचा. जिथे मारल्यावर आवाज बदलेल तिथे फट. मी इस्त्रीची पाण्याची बाटली पळवून आणली आणि बॉनेटखाली हात पोचेल तिथे तिथे फवारलं. आवाज फक्त तुमच्या सूनबाईंचा बदलला, कारण इस्त्री तापत पडली होती. मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या बुडाशी फट बंद करणारं गॅस्केटही नवं घातलं. पुन्हा तेच, भुंऽऽ, दम, खोकला, बंद.

हे सगळं सुरू झालं ते तीन आठवड्यांपूर्वी मी इंजिन घासून पुसून लख्ख केलं त्या दिवसापासून. तुमच्या आठवणीने झुरत असेल म्हणावं, तर आधीचे चार महिने कशी ठणठणीत होती? आणि हो, आता तुमची थोडी फिरकी घेतो. त्या साफसफाईत मला काय सापडलं सांगा? तुमच्या पेनाचं टोपण! निळं. कार्बोरेटरच्या पाठीमागे, पार खालच्या अंगाला, एका बारक्या नळीच्या तोंडावर घट्ट जाऊन बसलं होतं. इतकं घट्ट की पकड लावून उपटावं लागलं. टोपणाच्या आत सायकलच्या ट्यूबचा कसलासा कचराही कोंबला गेला होता, तो मी पिनेने कोरून साफ केला. अकरा वर्षं मामी बिनटोपणाच्या पेनावरून तुम्हाला बोलताहेत आणि टोपण इंजिनात! मामा, धन्य आहे तुमची. माझ्या पेनाला ते अगदी बरोबर बसलं. खिशात मिरवतो, हे पत्रही त्याच पेनाने लिहितो आहे.

आता खरं ते लिहितो. तुमच्या सूनबाईंनी निकाल दिला आहे. रविवारी सकाळपर्यंत गाडी दारात उभ्या उभ्या पाच मिनिटं न खोकता चालली तर राहील, नाहीतर भंगारवाला येऊन घेऊन जाईल. माझं डोकं चालेनासं झालं आहे. तुम्ही सांभाळायला दिलेली एकच गोष्ट माझ्याच्याने सांभाळली गेली नाही, हे लिहिताना मान वर होत नाही. तेव्हा मामा, मन घट्ट करून विचारतो, जाऊ द्यायची का तिला? तुमचा होकार असला तरच…

सूनबाई बाहेरून हाका मारताहेत. आलोच.

शुक्रवार

मामा, वर टोपणाबद्दल जे काही लिहिलं आहे ते तुम्ही वाचलं नाही असं समजा. एवढी पानं पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून फाडत नाही.

झालं असं. बुधवारी बाहेर गेलो तर सूनबाई चालू इंजिनावर वाकलेल्या. बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरतंय. (हे त्यांना कुणी शिकवलं? म्हणे भिंतीतली पाण्याची गळती अशीच सापडते.) मी हसणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘इथे कुणीतरी सूऽऽ करतंय.’ हात कार्बोरेटरच्या पाठीमागे घालून चाचपलं आणि एका उघड्या नळीवर अंगठा ठेवला. मामा, खरं सांगतो, इंजिन जे गप्प झालं! टुकटुक, टुकटुक, टुकटुक. तुम्ही आमच्या दाराशी यायचात तेव्हा यायचा तोच आवाज. अंगठा काढला की भुंऽऽ, ठेवला की टुकटुक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरामुळे म्हणून खपवलं.

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, ‘ह्या नळीवर काहीतरी असणार. कुठे गेलं?’ आणि ते माझ्या शर्टाच्या खिशात, त्यांच्या नाकासमोर होतं! मी खिशावर हात ठेवला, जणू राष्ट्रगीत चालू झालं. नळीच्या तोंडावरचं मूळचं रबरी बूच वाळून गेलं असणार, तुम्ही स्वतःच्या पेनाचं टोपण काढून, आत ट्यूबचा तुकडा घालून तिथे बसवलं असणार, आणि अकरा वर्षं मामींची बोलणी मुकाट्याने खाल्लीत. एका शब्दाने कधी बोलला नाहीत. आणि मी तुमची फिरकी घेत होतो! कपाळावर हात मारावासा वाटला, पण हात खिशावर होता.

पुढचं थोडक्यात. त्या आत गेल्याबरोबर मी भांड्यांच्या रबरी हातमोज्याचं एक बोट कापलं, टोपणात कोंबलं, टोपण नळीवर चढवलं, आणि ‘सापडलं, खालीच पडलं होतं’ असं ओरडलो. गाडी दारात वीस मिनिटं चालली. मी घड्याळ लावून बघत उभा होतो आणि जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू. गाडी कुठेही जाणार नाही. मामींना नमस्कार, आणि त्यांना टोपणाचं खरं आता सांगून टाका, म्हणजे जुन्या बोलण्यांची भरपाई होईल.

तुमचा, यापुढे न विचारता काहीही न उपटणारा,
भाचा

ता. क. : हे पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. सूनबाईंनी विचारलंच तर ‘ते टोपण अधूनमधून आपोआप गळून पडतं’ असं ठणकावून सांगा. तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. माझ्यावर मिक्सरपासून नाही.

ता. क. दुसरा : मामा, नमस्कार. मी सूनबाई. पाकीट चिकटवून हातोहात पाठवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. ज्या दिवशी टोपण सापडलं त्या दिवशी ह्यांनी ते पकडीत धरून मला स्वयंपाकघरात आणून दाखवलं होतं, हे ते विसरले. नळीवर अंगठा ठेवल्याबरोबर मला आठवलं. म्हटलं, बघू किती वेळ खिशावर हात ठेवून उभे राहतात. तेव्हा तुम्ही खोटं बोलायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे भंगारवाला कुणी येणारच नव्हता. हे गेले तीन आठवडे गाडीपुढे डोकं फोडत होते, पण तुम्हाला विचारायला तयार नाहीत, म्हणे मामांना वाटेल की ह्याला एवढंही जमलं नाही. आणि मामी फोनवर सांगतात की तुम्ही रोज संध्याकाळी खिडकीत बसून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकता, पण आपणहून कसं जायचं म्हणता. मग काय करणार, भंगारवाला मीच जन्माला घातला.

रविवारी दहा वाजता आम्ही दोघं तुम्हाला आणि मामींना न्यायला येतो आहोत. येताना जास्तीचं एखादं टोपण असलं तर आणा, ह्यांच्या खिशावर शाईचा पहिला डाग पडला आहे. आम्ही हॉर्न वाजवणार नाही. खाली गाडी चालू ठेवूनच उभी करू. ऐकू आलं की या.