एका प्लगवर दोन यंत्रं

भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमची कंबर काय म्हणते? मी ठणठणीत आहे. तुमचे दादा आहेत तसेच आहेत, म्हणजे मागच्यापेक्षा वाईट.

तुमचा जन्म गाड्या रंगवण्यात गेला, म्हणून विचारते. दादांनी मामंजींच्या बोटीचं हातभर मॉडेल केलंय. (मामंजी जिचं इंजिन सांभाळायचे, तीच.) रंग द्यायचा तेवढा उरलाय, छाती मात्र उरलेली नाही. तर स्प्रेचा डबा बरा की एअरब्रश?

डब्याची हकीकत ऐका. मी बाजारात गेल्याचं बघून यांनी न्हाणीघरात कडी लावून तो मारला. परत आले तर हे पालथ्या बादलीवर बसून श्वास शोधताहेत, ओठ निळे, आणि बोटीवर रंग इतका जाड की चिमट्यानं बसवलेले रिव्हेट गडप. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "ओघळ आले गं." डॉक्टरांनी डबा हद्दपार केला.

मग एअरब्रश निघाला. त्याचा रंग पातळ, वास कमी. पण त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो, आणि यांच्या खोलीत प्लग एकच. त्यावर ऑक्सिजनचं यंत्र. मी कपडे वाळत घालत होते. घुरघुर बदलली (ती मी आता झोपेतही ओळखते) म्हणून धावले, तर या गृहस्थांनी स्वतःची हवा काढून बोटीला दिलेली! "अगं, एक हात मारेपर्यंतच," म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते पदवीधर बाईला शोभणारं नव्हतं.

तेव्हा आता एअरब्रश माझ्या हाती, कॉम्प्रेसर स्वयंपाकघरातल्या प्लगवर. मी गॅलरीत, हे काचेआड, नाकात नळ्या, खुणांनी हुकूम सोडताहेत. कौतुक एकदाही नाही. उलट टपाली सल्ला कळवावा.

तुमची वहिनी

ता. क. इथवर यांनी वाचून शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. पुढचं ते झोपल्यावर लिहितेय. प्रश्न त्यांनीच विचारायला लावला. अर्धं आयुष्य मॉडेलांवर एअरब्रश चालवलेल्या यांना उत्तर ठाऊक नाही होय? घराच्या वाटणीनंतर तुमच्याशी बोलायला दुसरा विषय सापडला नाही, इतकंच.

ता. क. २. सल्ला नको, तुम्ही या. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोट केव्हाच रंगून झालीय. मी ब्रशमध्ये नुसतं पाणी भरून मारते, आणि काचेआडून हे रोज खूण करतात, अजून एक हात लागेल.