चौथ्या पानावरचा प्रश्न

कुही, ६ मार्च २०२५

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मधातच बोलते, म्हणून लिहून राहिली. आपल्या शेजारच्या गिरिधरची पोरगी भूमिका तुझ्याच कॉलेजात बी.ए.ले आहे. तिच्या प्रकल्पाले तू वीसपैकी शून्य दिलं. अंतर्गत मार्कांत नापास म्हणजे साल गेलं, आणि साल गेलं तर बाप तिले परत पाठवणार नाही. पोरगी दोन दिवसांपासून धड जेवली नाही.

विषय सोडून लिहिलं, असा शेरा मारला म्हणे तू. तू वाटलेला सूचनांचा कागद मी पाहिला. पहिल्याच पानावर मधोमध ठळक अक्षरांत ‘कन्हान येथील स्थलांतरित कुटुंबे’ छापलं आहे. हा नुसता नमुना आहे, हे खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत. खरा विषय चौथ्या पानाच्या तळाशी! पोरीनं नमुन्यालेच विषय समजलं, दोन रविवार बस बदलून कन्हानले गेली, अकरा घरं फिरली. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मलेही तो प्रश्न सापडता सापडेना. असा कागद काहून काढते वं? लाज नाही वाटली?

राग आला तर येऊ दे, माया पातळ करू नको.

तुझी,
कुसुमताई

नागपूर, १० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लाज मला कशाला वाटेल? तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, प्रत्येक सूचनापत्र शैलीपुस्तिकेप्रमाणेच हवं. एक इंच समास, ओळींत दुप्पट अंतर, नमुन्याचं मुखपृष्ठ, आधी उद्देश, मग संदर्भ देण्याची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी विषय. माझा एका ओळीचा प्रश्न होता, तुमच्या गावात शहर कसं शिरलं ते लिहा. त्याची चार पानं करण्यात तीन दिवस गेले. दोनदा परत आलं, का, तर मथळा मधोमध नव्हता! डोकं भणाणलं होतं माझं, आणि आता तूही माझ्यावरच.

बाकीच्या अठ्ठावन्न जणांना विषय कळला, हिलाच कसा नाही? एकदा विचारायचं तरी. शून्य बदलणार नाही. ओळखीवर मी मार्क देत नाही, तुझ्याही नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
सरिता

नागपूर, १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. फाईल उघडून तरी पाहिली का, एवढंच विचारलंस. नव्हती पाहिली. विषयाचं नाव चुकलेलं दिसलं आणि शून्य ठोकलं.

परवा वाचली. एका घरचा मोठा मुलगा तीन गावांच्या तीन शाळांत तीनदा दुसरीतच बसला, हे तिने त्याच्या आईच्या शब्दांत लिहिलंय. अन् माझ्या अठ्ठावन्न शहाण्यांनी एकाच वेबसाइटवरून उतरवलंय, चुकांसकट. समास बरोबर होते म्हणून मी त्यांना पंधरा-सोळा दिले! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

विभागप्रमुख म्हणाले, मार्क बदलायची तरतूद नाही. मी म्हटलं, नियम तुमचा, सही माझी, मग वर्ष त्या पोरीचं काहून जाईल? सगळी स्टाफरूम गोळा झाली. सतरा मार्क दिले आणि कारणात लिहिलं की सूचना सदोष होत्या. माझ्याकडून खुलासा मागवलाय, मागवू देत. भूमिकाची माफीही मागितली. तिने झटक्यात फाईल उचलली आणि गेली. अजून फुगलीय का गं?

तू तरी राग सोड.

तुझी,
सरिता

कुही, २० मार्च

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझा राग गेला. भूमिका परीक्षेले बसून राहिली, गिरिधरही चूप झाला. तिच्या मायनं तुले जेवाले बोलावलं आहे.

पोरगी मात्र चिडलेलीच आहे. काल फाईल माझ्यापुढे आपटली. म्हणते, सगळी पानं पाहिली, मॅडमनं कुठंच लाल खूण केली नाही, मग तीन मार्क कशाचे कापले? मी म्हटलं, जाऊ दे ना वं, पास झाली ना. तर माझ्यावरच भडकली.

सोमवारी ती फाईल घेऊन तुझ्यापुढे उभी राहणार आहे. काय सांगायचं ते ठरवून ठेव.

दोघींवर सारखाच जीव असलेली,
कुसुमताई